ओटीतले गुलाबी गहू

"गहू कुठल्या रंगाचे होते म्हणालात?" असं विचारून डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

डॉक्टरचं पेन चालतंय तोवर काळजी नसते, गोळ्याबिळ्यांवर भागतं. पेन खाली आलं की समजायचं, आपली वाट लागली.

"गुलाबी," मी म्हटलं.

"आणि किती खाल्लेत?"

"वाटीभर. खीर केली होती. गूळ घालून, नारळाच्या रसात." गूळ आणि नारळ त्यांनी विचारला नव्हता. पण घाबरले की मी जास्त बोलते. खरं तर एरवीही जास्तच बोलते.

मला तिसरा महिना सरत आला होता. बरीच वाट बघून, बऱ्याच जणींचे फुकटचे सल्ले ऐकून पहिल्यांदाच राहिलं होतं. शेजारच्या खुर्चीत माझा नवरा प्रसाद, मागे सासूबाई, दाराशी माझी आई. पेशंटबरोबर एकच नातेवाईक आत, अशी पाटी बाहेर ठळक लावली होती, पण ती आपल्यासाठी नाही यावर तिघांचं एकमत होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "शीतल, तुम्ही खाल्लं ते धान्य नव्हतं, पेरायचं बियाणं होतं. त्याला फंजिसाइड लावलेलं असतं, म्हणजे बुरशीनाशक. चुकून कुणी खाऊ नये म्हणून तर त्याला तो रंग देतात."

"बाळाला काही होईल का?"

"आज मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आधी औषधाचं नाव कळू दे."

मी कस्टमर केअरमध्ये काम करते. हो नाही आणि नाहीही नाही, हे वाक्य दिवसभर मीच लोकांना ऐकवते. समोरच्याला ते कसं लागतं, हे त्या दिवशी कळलं.

आता हे झालं कसं, ते पहिल्यापासून सांगते. शिकल्यासवरलेल्या घरात झालंय, म्हणून सांगते.

प्रसादला अधूनमधून आरोग्याचा झटका येतो. मागच्या झटक्यात त्याला गव्हांकुराचा रस प्यायचा होता. त्याने जुन्नरकडे माझ्या दिनूमामांना फोन लावला, "मामा, ट्रेमध्ये उगवायला चांगले गहू पाठवा." मामांचं यात काही चुकलं नाही. उगवायला गहू मागितले तर शेतकरी माणूस बियाणंच पाठवणार. फक्त मुंबईच्या जावयाला फाटक्या गोणीतून कसं द्यायचं, म्हणून त्यांनी ते दिवाळीच्या फराळाच्या स्वच्छ डब्यात भरलं. गोणीवर मराठीत लिहिलं होतं, खाण्यासाठी वापरू नये. डब्यावर चकलीचं चित्र होतं.

प्रसादने भांडुपच्या आमच्या गॅलरीत ट्रे मांडला. गहू झकास उगवले. ऑफिसातल्या सगळ्यांच्या ट्रेला बुरशी लागते, आपल्या ट्रेला बघ, एक ठिपका नाही, असं तो येईल त्याला सांगायचा. कशी लागेल बुरशी! तिचीच तर सुपारी दिलेली होती. एक ग्लास रस पिऊन त्याने गोठ्याच्या वासाची तक्रार केली आणि झटका ओसरला. डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर गेला.

मग आली चोरओटी. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात गुपचूप ओटी भरतात, ती चोरओटी. बाहेर कुणाला कळू द्यायचं नसतं. आमच्या मजल्यावर असली चोरी करून दाखवा कुणी! सकाळी सासूबाईंनी नारळ आणला आणि दुपारी चार घरं सोडून राहणाऱ्या काकू मला जिन्यात म्हणाल्या, "जपून उतर गं."

सासूबाई मालवणच्या. त्यांच्यात ओटी तांदळाची. माझं माहेर घाटावरचं, आमच्यात गव्हाची. सासूबाईंनी मनात ठरवलं, सुनेच्या पहिल्या ओटीला सुनेच्या माहेरची रीत करायची. मोठ्या मनाची बाई आहे, फक्त मोठं मन कधी वापरायचं हे आधी कुणाला सांगत नाही. गहू शोधताना त्यांना फळीवर डबा सापडला. उघडून बघतात तर गहू छान गुलाबी. आपण अक्षता कुंकवात रंगवतो, तसे घाटावरचे लोक ओटीचे गहू रंगवत असणार, आणि व्याह्यांनी ते आधीच पाठवून ठेवले असणार, असा त्यांनी हिशेब लावला.

माझी आई घाटकोपरहून आली. तिने ताटातले गुलाबी गहू पाहिले. तिला वाटलं, कोकणात रंगवत असतील. आपण कशाला बोला, व्याह्यांचा अपमान नको. ती गप्प बसली.

आणि मी? सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला रडकुंडीला आणणारी मी? मला मळमळत होतं, पदर सावरायचा होता, आणि वाटलं, दोन-दोन आया बसल्यात, त्यांना माहीत नसेल? तीन बायका एका पाटाभोवती, एकीचंही तोंड आयुष्यात कधी बंद नाही, आणि नेमक्या त्या दिवशी तिघी सभ्य झालो.

ओटीचं धान्य बाहेर द्यायचं नाही, ते जिची ओटी तिनेच खायचं असतं. सासूबाईंनी गहू धुतले, भिजवले, खीर केली. धुताना पाणी लाल झालं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, कुंकू भारीतला दिसता. मी वाटीभर खाल्ली. थोड्या वेळाने बरीचशी उलटून पडली. पण त्या दिवसांत मला चहाचा वास आला तरी उलटी व्हायची, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

चार दिवसांनी दिनूमामांचा फोन आला. गहू कसे उगवले, विचारत होते. मी कौतुकाने सांगितलं की उरलेल्यांची ओटी भरली आणि खीरही झाली.

"पोरी," मामा म्हणाले, "आमी ते कोंबड्यास्नी पन घालत नाय गं."

असे आम्ही डॉक्टरांसमोर येऊन बसलो होतो.

डॉक्टरबाईंनी पुढे नीट समजावलं, ते जसं कळलं तसं लिहिते. पहिले तीन महिने म्हणजे फर्स्ट ट्रायमेस्टर. यात बाळाचं हृदय, मणका, हातपाय घडतात. या काळात जे पदार्थ घडण बिघडवू शकतात त्यांना टेराटोजेन म्हणतात. काही बुरशीनाशकांनी प्रयोगातल्या प्राण्यांच्या पिल्लांमध्ये, मोठ्या मात्रेला, असे दोष दिसलेत. काही थायरॉइडच्या कामात लुडबूड करतात, आणि आईचा थायरॉइड बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागतो. पण सगळी औषधं सारखी नसतात. कुठलं, किती आणि किती वेळा, यावर सगळं अवलंबून. याला त्या एक्सपोजर म्हणाल्या, म्हणजे अंगाशी आलेला संबंध. एका वाटीचं एक्सपोजर आणि रोज हाताळणाऱ्याचं एक्सपोजर यात खूप फरक आहे.

"पण मी धुतले होते," सासूबाई मागून म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता.

"धुऊन ते खाण्यालायक होत नाहीत, आजी. शिजवूनही नाही."

मग डॉक्टरबाई प्रसादकडे वळल्या. "तुम्ही त्याचा रस प्यायलात?"

"एक ग्लास."

"वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्या पुरुषांमध्ये काही औषधांमुळे शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. एका ग्लासाने घाबरू नका. पण पुन्हा पिऊ नका."

शुक्राणू हा शब्द ऐकताच सासूबाईंनी पंख्याकडे पाहिलं, माझ्या आईने जमिनीकडे, आणि प्रसादचा चेहराच उतरला. माझ्या पोटातल्या बाळाचं सोडून क्षणभर सगळ्यांना त्याचीच काळजी लागली. मला राग आला आणि हसूही आलं.

रक्त दिलं. एलएफटी, म्हणजे यकृत ठीक आहे का ते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं. डॉक्टरबाईंनी विषबाधेची माहिती देणाऱ्या केंद्रात फोन केला. तिथूनही तोच प्रश्न, औषधाचं नाव काय?

नाव गोणीवर होतं आणि गोण मामीने गोठ्याच्या खिडकीला वारा अडवायला कोंबली होती. मामांनी फोटो पाठवले. पहिल्यात त्यांचा अंगठा. दुसऱ्यात म्हैस. तिसऱ्यात म्हशीचा अर्धा कान आणि गोणीवरचं कंपनीचं कणीस. मी कस्टमर केअरचा आवाज लावला, "मामा, फोन आडवा धरा. म्हशीला बाजूला घ्या. आता स्क्रीनवर अक्षरांवर बोट दाबा." चौथ्यात नाव आलं. मी ते इथे लिहीत नाही, कारण तुमच्या घरातलं वेगळं असेल आणि तुम्ही म्हणाल, आमचं ते नाहीये, चला. पुढे कळलं की औषधाच्या पुड्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे जेवायला परवानगी, असा अर्थ होत नाही.

त्या फोनवर मामीशी बोलणं झालं. ती घरचं बियाणं राखते, त्याला औषध हाताने चोळते. हातमोजे? ती हसली. दोन्ही खेपांना पोटुशी असतानाही चोळायची, आणि त्यांतली एक खेप सातव्या महिन्यात गेली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, देव जाणे. डॉक्टरबाईही म्हणाल्या, आता सांगता येणार नाही. पण त्या वेळी मामीला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई, तू हात कशात घालतेस? मला एवढे जण विचारत होते आणि तिला एकानेही नाही. त्या दिवशी मी मामीसाठी रडले, आणि दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या दुकानातून जाड हातमोजे घेऊन पार्सल केले. मामीने आधी ते भांडी घासायला वापरले. मग मी फोनवर ओरडले.

नाव कळल्यावर डॉक्टरबाईंनी पेन उचललं. "मात्रा कमी, एकदाच, त्यातलं बरंच बाहेर पडलंय. धोका कमी वाटतो. पण खात्री मला पाचव्या महिन्याच्या अॅनॉमली स्कॅनशिवाय देता येणार नाही." अॅनॉमली स्कॅन म्हणजे बाळाचा एकेक अवयव नीट घडलाय का, ते बघणारी मोठी सोनोग्राफी.

म्हणजे थांबायचं. ज्यांना थांबायला लागलंय त्यांनाच कळेल. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, आधीची छोटी सोनोग्राफी चांगली आली, तरी आंघोळ करताना, भाजी निवडताना, चिडलेल्या गिऱ्हाइकाला "आपली अडचण मी समजू शकते" म्हणताना डोक्यात एकच. ठीक असेल ना? माझं बाळ ठीक असेल ना?

आमच्या घरात सासूबाई गप्प झाल्या. ज्या बाईचा आवाज मासेवालीला तळमजल्यावर ऐकू जातो, ती बाई खुणेने बोलायला लागली. माझ्यासाठी काही करायच्या नाहीत. भात लावायचा तर प्रसादला विचारायच्या, "हो तांदूळच मा?" मी पण चांगली नव्हते. रागावलेच होते. तोंडाने बोलले नाही, पण त्यांनी दिलेलं पाणी दोनदा तसंच ठेवलं. त्यांना दिसलं.

एक दिवस दुपारी ऑफिसातून लवकर आले. सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या. पुढ्यात वाटी. वाटीत गुलाबी खीर. उरलेली खीर नमुना लागला तर असू दे म्हणून आम्ही फ्रीजरमध्ये ठेवली होती, ती त्यांनी काढून गरम केली होती. चमचा तोंडाजवळ होता.

मी पर्स फेकली ती थेट वाटीवर. आयुष्यात नेम पहिल्यांदाच बरोबर लागला. खीर ओट्याखाली, पर्समध्ये, सिलिंडरवर.

"आई! काय करताय? डोकं ठिकाणावर आहे का?"

"माका बघूचा होता," त्या म्हणाल्या. "माका काय झाला नाय, तर तुका पण काय होवचा नाय."

"अहो, तुमच्या पोटात बाळ आहे का?"

आता हा प्रश्न पासष्टीच्या बाईला विचारायचा नसतो. त्यांनी पोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता रडायला लागल्या. "मी विष घातलंय गो तुका. माज्या हातान. तुज्या म्हायेरची रीत करूक गेलंय."

मी पण खाली बसले. खाली बसणं तेव्हा सोपं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही एकट्या नाही. आईने पण बघितलं होतं, मी पण बघितलं होतं. तिघींनी मिळून घातलंय." एवढं बोलले आणि माझा राग गेला. अगदी खरं सांगते, तिथेच गेला. मग त्यांनी माझी पर्स धुतली आणि मी त्यांना ओरडले, कारण हातमोजे न घालता धुतली.

तेव्हापासून घरात नवा नियम आला. मला काहीही द्यायचं तर सासूबाई आधी स्वतः एक घास खायच्या. बाहेरून आणलेलं दही असो, पेरू असो, डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळीही त्यांनी एकदा अर्धी मोडली होती. आणि दुसरा नियम, वेगळं दिसलं की बोलायचं. माझी आई आली की दोघींचं सुरू, "तुमच्यात डाळीत चिंच घालतात? का घालतात?" अपमानाची भीती गेली आणि घरात गलका वाढला.

स्कॅनचा दिवस. पाणी पिऊन या म्हणाले होते, मी जरा जास्तच भक्तिभावाने प्यायले. वेटिंग रूममध्ये सासूबाईंना कंठ फुटला. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "गाववरसून गहू इले तर रंग बघ हां." मग तिच्या शेजारणीला. माझा नंबर येईपर्यंत अर्ध्या वेटिंग रूमने घरी फोन लावून गव्हाचे डबे उघडायला लावले होते. एका बाईच्या नवऱ्याने व्हिडिओवर तूरडाळ दाखवली. सगळ्यांनी ती तपासून दिली.

आत अंधार, पोटावर गार जेल. सोनोग्राफीवाले डॉक्टर बोलेचनात. मधूनच "हं." मग लांब "हंऽऽ." मी छताकडे बघत होते. प्रसादने माझा हात एवढा दाबला की अंगठी रुतली.

"डॉक्टर, हं म्हणजे काय हो?" मी शेवटी ओरडलेच.

"हं म्हणजे हृदयाचे चारही कप्पे दिसले," ते म्हणाले. "मणका सरळ आहे. ओठ नीट. हाताची बोटं मोजू देत नाहीये, मूठ सोडत नाही. हां, सोडली. पाच. या हाताची पण पाच."

मी रडले, प्रसाद रडला, आणि मग मला कसं पळावं लागलं ते पाणी प्यायलेल्या बायकांना सांगायला नको. आमच्या डॉक्टरबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "स्कॅनला दिसतं ते सगळं ठीक आहे. न दिसणारं असतंच, म्हणून वाढ बघत राहू. पण आज पेढे खा. पांढरे."

मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज आजीचा. नर्सने हातात देताच सासूबाईंनी दुपटं उलगडून वीसच्या वीस बोटं मोजली, मग माझ्या आईने मोजली, कारण मालवणी मोजणीवर तिचा विश्वास नव्हता.

तुमच्यापैकी कुणी आज असंच थांबलेलं असेल, तर दोनच गोष्टी सांगते. जे खाल्लं, हुंगलं, हाताळलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका, आणि पुडा, गोण, डबा जे असेल ते बरोबर न्या. आणि रंगीत बियाणं घरात खाण्याच्या डब्यात ठेवू नका. बाकी धीर धरा म्हणणार नाही. मला कुणी म्हटलं की मी चिडायचे.

परवा लेकीचं उष्टावण झालं. पहिला घास मामाने भरवायचा असतो. मला भाऊ नाही, म्हणून मान दिनूमामांचा. ते जुन्नरहून नवं धोतर नेसून आले. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर, पांढरीशुभ्र. मामांनी चमचा बुडवला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "आधी तुमी खावा."

मामांनी मुकाट्याने खाल्ली. मग सासूबाईंनी एक चमचा खाल्ला. मग माझ्या आईने, मग प्रसादने, मग मी. मामी म्हणाली, मी कशाला राहू. लेक पाटावर भोकाड पसरून बसली होती, आणि वाटी रिकामी झाली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की उष्टावण तिचं होतं.

दुसरी वाटी आणली. मामांनी घास भरवला. लेकीने तो जिभेवर फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि सगळाच्या सगळा आजीच्या नव्या साडीवर थुंकला.

मी पुसायला धावले. सासूबाईंनी मला हाताने अडवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"ऱ्हवांदे गो," त्या म्हणाल्या. "नाय आवाडला तर गप नाय ऱ्हवला. आमच्या तिघींपरास हुशार असा चेडू!"